रखमाजी आबांनी पाहिलेली घरं

बदनापूरच्या आसपास लेकीसाठी स्थळ बघायचं म्हटलं की लोक आधी रखमाजी आबांचं दार गाठायचे. भावकीतलेच नव्हे, परगावचे लोकही बैलगाडी जुंपून त्यांना सोबत न्यायचे. आबा सोयऱ्याच्या विहिरीत डोकावत, गोठ्यातल्या जनावरांच्या पाठीवरून हात फिरवत, मामाचं गाव विचारत, आणि तंबाखूच्या निमित्तानं शेजारी बसून त्या घराची सगळी कुंडली काढून आणत. घर कितीही मनात भरलं तरी तिथल्या तिथं हो म्हणायचं नाही, हा त्यांचा नेम. "कळवतो," एवढंच म्हणून उठायचं. उतावळा सोयरा दिसला की समोरचा डोक्यावर बसतो, असं त्यांचं म्हणणं, आणि ते काही खोटं नव्हतं.

अशा माणसावर त्रेपन्न साली हैद्राबादेत पोरासाठी खोली शोधायची वेळ आली. मच्छिंद्र मॅट्रिक झाला होता, कॉलेजात नाव लागलं होतं, पण वसतिगृह गच्च भरलेलं. निघतानाच आबांनी त्याला बजावलं होतं, "घर बराबर भेटलं तरच ठिवीन. न्हाईतर माझ्यासंगं परत चल, औत वाट बघून राह्यलंय." पोरगं बिचारं गाडीत बसल्यापासून देवाचा धावा करत होतं.

काचीगुड्याला उतरले आणि आबा चक्रावलेच. एका गल्लीत तेलुगू, दुसरीत मारवाडी, पुढं कानडी, मधेच मशीद, आणि सुलतान बाजारात शिरावं तर चक्क आपली मराठी! निजामाच्या राज्यात निम्मा जन्म गेलेला, त्यामुळं उर्दूचं काही अडत नव्हतं. पण कोण कुठला, कोणाची सोयरीक कुठं, कशाचाच पत्ता लागेना. तरी जित्याची खोड ती. एका मारवाडी घरमालकाला त्यांनी मामाचं गाव विचारलं, तर तो गडबडून आत गेला आणि आईला विचारून आला.

सगळ्यात आधी एका म्हाताऱ्या मुन्शींची माडीवरची खोली पाहिली. उजेड होता, वारा होता, अंगणात गोड्या पाण्याची विहीर होती. मच्छिंद्रचा चेहरा फुलला. आबांनाही घर पसंत पडलं. मुन्शींनी दिलेला चहा पिऊन ते रीतीप्रमाणं उठले आणि म्हणाले, "सोचके बताता."

दुसऱ्या दिवशी होकार घेऊन गेले, तर तिथं वरंगळचा एक विद्यार्थी वळकटी सोडून बसलेला. "कल बोलना था ना मियाँ," मुन्शी हळहळले, "मैं समझा तुमकू पसंद नै." आबा बघतच राहिले. बोलणी व्हायच्या आत सुपारी फुटलीच कशी?

मारवाड्याकडं तेच झालं, एका कानडी मास्तरांकडंही तेच. "ह्या शहराला बिलकुल दम न्हाई का रे?" आबा पुन्हा पुन्हा विचारत. मच्छिंद्रला सगळं कळत होतं, पण बापाला सांगायची त्याची बिशाद नव्हती. अखेर उतरले होते त्या धर्मशाळेचा मुनीम जागा सोडा म्हणून मागं लागला, तेव्हा आबांनी ट्रंक उचलली. "चल. गाडी धरू." पोरानं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

स्टेशनाच्या वाटेवर एका तेलुगू म्हातारीनं ट्रंक बघून दारातून हाक मारली. "कमरा होना क्या?" अंजम्मा तिचं नाव. खोली जेमतेम हातपाय पसरण्याएवढी, पाणी गल्लीच्या तोंडच्या नळावरून आणायचं. आबांनी नाक मुरडलं आणि सवयीनं सुरू केलं, "हौ, सोचके..."

"तुमकू कौन पूछा?" म्हातारीनं त्यांना तिथंच तोडलं. "रैना तो बच्चे कू है." मग ती मच्छिंद्रकडं वळली. "तुमकू पसंद है क्या, बाबू?"

मच्छिंद्र बापाकडं बघायला लागला आणि बाप पोराकडं. हे काय चाललंय ते आबांना उमगेना. उभ्या जन्मात इतकी घरं पाहिली, पण जो राहणार त्यालाच विचारायचं असतं, हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं.

"पसंद है," मच्छिंद्र हळूच म्हणाला आणि बापाच्या हातातली ट्रंक घेऊन आत गेला.

परतीच्या गाडीत आबा एकटेच होते. पोराची सोय लागली, जीव हलका व्हायला हवा होता, तो उलट जडच झाला. आपण पाहिलेली घरं आणि तिथं दिलेल्या पोरी एकेक करून आठवायला लागल्या. एकीलाही विचारल्याचं आठवेना. तिकीट बदनापूरचं होतं, पण परतूर आलं आणि आबा तिथंच उतरले. परतूरला त्यांची थोरली नंदा दिलेली होती.

नंदाबाई ओसरीवर ज्वारी पाखडत होती. बापाला असं अवचित बघून ती दचकली. "आबा! मच्छिंद्र बरा हाये ना?"

"हाये. खोली भेटली त्याला." आबा खांबाला टेकून बसले. कसं विचारावं ते सुचेना, शेवटी तोंडातून निघून गेलं. "नंदे, तुला हे घर पसंद हाये का?"

सूप तिच्या हातात तसंच राहिलं. बाप थट्टा करतोय की भ्रमिष्ट झालाय, तिला समजेना. तिनं आत सासू कुठं आहे ते पाहिलं, मग आवाज बारीक केला.

"माझं जाऊ द्या आबा, मी रुळले आता. पर तुमच्या नातीला, तारीला स्थळ आलंय. मामंजी तुम्हालाच बोलावणार हायेत, घर पाह्यला. मंग जायच्या आधी एकदा तिला इचारा."