सारोळकरांची सरदारकी

तामलवाडीच्या पुढे, महामार्गाला लागून 'सारोळकर अश्वारोहण केंद्र' आहे. आत कार्यालयाच्या भिंतीवर घराण्याचा इतिहास संगमरवरात कोरलेला आहे. 'संस्थापक सरदार गुरुसिद्धराव यांच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या घोडदळाची सेवा केली,' हे त्यातले पहिले वाक्य. ते खोटे आहे. ते रचणारा सिद्धाराम सारोळकर हा अत्यंत सामान्य माणूस आहे आणि सामान्य माणसाला मोठेपणाची घाई झाली की काय होते, एवढ्यासाठीच त्याचे चरित्र सांगण्यासारखे आहे.

संगमरवरातले गुरुसिद्धराव म्हणजे त्याचे वडील; त्यांचे खरे नाव गुरप्पा. कळंबच्या आडतीवर पोती उचलता उचलता त्यांनी एक घोडी घेतली आणि पुढे आयुष्यभर वरातींना घोड्या दिल्या. त्यांच्या घोड्या हलगीवर नाचत. चाँदपाशा हा त्यांचा मोतद्दार, घोड्यांची निगा राखणारा. हलगी वाजत असताना तो वेताच्या छडीने घोडीच्या पायांना हलकेच स्पर्श करी आणि असे करत करत तिला ठेका शिकवी. वरातीच्या शेवटी आरतीचे ताट घेतलेली बाई दिसली की घोडी थांबे, गुडघा टेकून मान लववी. हा मुजरा पाहायला बिनबोलावलेले लोकही येत. गुरप्पा स्वतः फेटा बांधून लगाम धरत. या कामाची त्यांना कधी लाज वाटली नाही.

लाज वाटली ती मुलाला. सोलापूरच्या वसतिगृहात सिद्धाराम 'वडील बागायतदार आहेत' असे सांगत असे. गुरप्पा गेल्यावर त्याने वरातीचा धंदा बंद केला आणि डॉक्टर-इंजिनिअरांच्या मुलांना घोड्यावर बसवण्याचे केंद्र काढले. कुणाच्या तरी लग्नात काढलेल्या गुरप्पांच्या छायाचित्रातून लगाम पुसला गेला, हातात तलवार आली. शेवंती ही त्यांची अखेरची घोडी. तिचे 'रणरागिणी' झाले. चाँदपाशाला ताकीद मिळाली, की जुने काही कुणापुढे काढायचे नाही. त्याने ती पाळली. ज्याच्या हाताखाली आयुष्य काढले त्याचे नाव पुसले जाताना गप्प राहणे याला मी निष्ठा म्हणणार नाही.

गेल्या वर्षी सिद्धारामच्या मुलीसाठी, राजेश्वरीसाठी, भालकीकडच्या एका जुन्या देसाई घराण्यातून विचारणा आली. आयुष्यभर ज्या पंगतीकडे तो दुरून पाहत होता, तिचा दरवाजा किलकिला झाला. मुलाचे वडील मल्लिकार्जुन देसाई घरचे लोक घेऊन येणार होते. सिद्धारामने घोडेस्वाराची ब्रीचेस शिवून घेतली, फेटा मागवला आणि घोड्यावर बसूनच पाहुण्यांना सामोरे जायचे ठरवले. त्यासाठी त्याने म्हातारी शेवंती निवडली, कारण अश्वारोहण केंद्राच्या या मालकाला दुसऱ्या कुठल्याही घोड्यावर बसता येत नव्हते.

"अप्पा, हलगीवाले कशाला बोलावले?" राजेश्वरीने विचारले.

"देसाई येतायत. मुकाट्यानं आत घ्यायचं का त्यांना?"

"तुम्ही शेवंतीवर बसणार आहात."

"रणरागिणीवर. इतकी वर्षं झाली, जनावर काय ध्यानात ठेवतंय."

"मालक, माझ्या ध्यानात हाय अजून," चाँदपाशा खरारा करता करता म्हणाला. "तिच्या नसंल व्हय?"

"तुला कोण विचारलंय?"

स्वतःला विसरणे सिद्धारामला इतके सोपे गेले होते, की घोडीलाही ते जमले असेल असे त्याने गृहीत धरले.

पाहुणे मोटारीतून उतरले, हलगी कडाडली आणि शेवंतीने कान टवकारले. मग तिने पाऊल उचलले. सिद्धारामने लगाम ओढला. नाचणाऱ्या घोडीला तो इशारा वाटला आणि ती अधिकच रंगात आली. फेटा डोळ्यांवर आला. तो आयाळ धरून बसला. ओवाळायला ताट घेऊन उभ्या असलेल्या राजेश्वरीसमोर घोडी थांबली, तिने गुडघा टेकून मान लववली आणि सरदार सारोळकर तिच्या मानेवरून घसरत जमिनीवर आले.

देसाई हसले, पण त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती.

"हा मुजरा म्या पाहिलाय," ते म्हणाले. "माझ्या वरातीला. घोडी दुसरी होती, लगाम गुरप्पांनी धरला होता. आमच्या आईनं त्यांना आहेर केला. तुमचे कोण ते?"

दरवाजा अजून उघडाच होता. एक शब्द पुरेसा होता, आणि तो खरा होता.

सिद्धारामने कपड्यांवरची माती झटकली. "आमच्याकडं कामाला होते," तो म्हणाला. "नोकर."

चाँदपाशाने मान खाली घातली. राजेश्वरीने ताट खाली ठेवले.

"माझे आजोबा होते," ती म्हणाली.

देसाईंनी तिला हात जोडले. मग तिच्या बापाकडे वळले. "चहा राहू द्या. बापाला नोकर करणारा माणूस व्याह्याला काय करंल, सांगता येत न्हाय."

मोटार वळली. पुढे निरोपही आला नाही.

संगमरवर जिथल्या तिथे आहे. लग्नसराईत महामार्गावरून वरात निघाली की सिद्धाराम कार्यालयाचा पडदा ओढून घेतो आणि शेवंतीच्या कानांत कापूस घालायला सांगतो. चाँदपाशा तो घालतो. तरी वरात लांब जाईपर्यंत घोडीचे पुढचे पाय जागच्या जागी उचलले जात राहतात. हलगी तिला जमिनीतून कळते.