आमच्याच नोंदीचा पुरावा

मी काय काम करते हे समजावून सांगायची हौस मला आता राहिलेली नाही. रहाटणीतल्या आमच्या सोसायटीत हिंजवडीला जाणारा प्रत्येक माणूस सॉफ्टवेअरवाला असतो, आणि मीही ते खोडून काढायला जात नाही. खरं म्हणजे मी वनस्पतिशास्त्र शिकले आणि पिकांच्या जनुकांचा एक डेटाबेस सांभाळते. डेटाबेस परदेशातल्या एका संस्थेचा, राबणारे हात आमचे. जगभरचे संशोधनाचे पेपर वाचायचे, कुठलं जनुक कुठल्या पिकात काय करतं याची नोंद करायची आणि नोंदीखाली पुरावा म्हणून तो पेपर लावायचा. दुपारनंतर मदत कक्षाचं काम. डेटाबेस वापरणाऱ्यांचे प्रश्न मेलवर येतात, त्यांना आम्ही तिकिटं म्हणतो. उत्तराखाली कुणाचंच नाव नसतं, फक्त ‘मदत कक्ष’ असतं.

एका दुष्काळी जिल्ह्यातल्या कॉलेजातून असंच एक तिकीट आलं. लिहिणारी मुलगी पीएच.डी. करत होती. ज्वारीतलं एक जनुक पाण्याचा ताण सोसायला मदत करतं, असं आमची नोंद सांगत होती, आणि त्या नोंदीवर विसंबून तिने सगळा अभ्यास उभा केला होता. काही रोपांत तिने ते जनुक बंद पाडलं, साध्या रोपांशेजारी ती वाढवली आणि दोन्हींचं पाणी तोडलं. दोन्ही सारखीच सुकली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिचे गाईड म्हणत होते, डेटाबेस चुकत नसतो, तुझा हात चुकतोय. निकाल जुळल्याशिवाय ते प्रबंधावर सही करणार नव्हते. नोंद पुन्हा एकदा तपासाल का, एवढंच तिने विचारलं होतं.

मी तपासली. नोंदीखाली पुराव्यांची चांगली रास होती, ती बघूनच एखादा गप्प बसला असता. त्यातला सगळ्यात जुना पेपर काढला. त्यातला प्रयोग भातावर केलेला होता. ज्वारीचा उल्लेख पार शेवटी, तोही लेखकांनी बांधलेला अंदाज म्हणून. आमच्याकडे नोंद करताना पुराव्याचा प्रकार निवडावा लागतो आणि पर्यायांत सगळ्यात वर ‘प्रयोगाने सिद्ध’ असतं. माझ्या आधी त्या खुर्चीत बसलेल्या कुणीतरी शिफ्ट संपायच्या घाईत वरचंच निवडलं होतं. मग मी बाकीचे पेपर उघडले. एकानेही ज्वारीवर हा प्रयोग केलेला नव्हता. सगळ्यांनी ‘हे आता सिद्धच आहे’ असं म्हणून आधार दिला होता तो आमच्या डेटाबेसचा. आणि आम्ही इमानेइतबारे तेच पेपर गोळा करून त्याच नोंदीखाली नवा पुरावा म्हणून लावले होते. आमचंच उष्टं आमच्याच ताटात, आणि दर वेळी नोंदीपुढे भरवशाची खूण म्हणून एक तारा वाढत होता. मला आधी हसू आलं आणि मग संताप आला.

नोंद काढून टाकायची विनंती तयार करून मी टीम लीडकडे गेले. तोही मुळात विज्ञानाचाच माणूस, पेपर वाचता येणारा. त्याने सगळं नीट पाहिलं.

“अगं, तुझं बरोबर आहे,” तो म्हणाला. “पण नोंद काढायला क्लायंटची मंजुरी लागते. आणि डेटाबेसची नवी आवृत्ती निघताना, रिलीजच्या तोंडावर, नोंदींचा आकडा खाली गेलेला त्यांना चालत नाही.”

“एका नोंदीने असा कितीसा खाली जाणार?”

“एक काढली की ते विचारणार, अशा अजून किती आहेत? मग मी काय सांगू?”

अशा अजून किती आहेत हे मलाही माहीत नव्हतं, आणि शोधायला मला कुणी वेळ देणार नव्हतं.

“तोवर तिला नेहमीचं पाठव,” तो म्हणाला.

नेहमीचं म्हणजे ठरलेला मजकूर. आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत, आमचे तज्ज्ञ या बाबीची तपासणी करत आहेत. तज्ज्ञ म्हणजे मीच, आणि माझी तपासणी करून झाली होती. मंजुरी येईपर्यंत नोंदीत चूक आहे असं बाहेर लिहायचं नाही, असा नियम आहे. तरी त्या मजकुराखाली मी एक वाक्य घुसडलं: मूळ पेपर आपण स्वतः वाचावा आणि प्रयोग कुठल्या पिकावर झाला ते पाहावं. याहून जास्त लिहिलं असतं तर नोकरीवर बेतलं असतं.

तिचं उत्तर लगेच आलं. तिने पेपर वाचला होता, सरांना दाखवलाही होता. सर म्हणाले, पुढच्या एवढ्या लोकांनी मान्य केलंय ते काय वेडे आहेत? ‘या बाबीची’ असं मोघम नको, ही नोंदच तपासणीखाली आहे, असं तुम्ही संस्थेकडून एका ओळीत लिहून द्याल का, असं तिने विचारलं होतं. तेवढ्यावर तिचं भागणार होतं.

ती ओळ मी लिहिली. पाठवण्याआधी उत्तर टीम लीडच्या नजरेखालून जातं; आधीचं वाक्य तिथून निसटलं होतं, ही ओळ मात्र कापली गेली. पुन्हा नेहमीचंच गेलं आणि तिकीट बंद झालं. उत्तर वेळेत दिल्याबद्दल आमच्या टीमचं कौतुक करणारी मेल आली, ती मी न उघडता पुसून टाकली.

त्या दिवसांत मी घरात कुणाशी धड बोलत नव्हते. माझे वडील लातूरकडचे. काळेवाडीत भाड्याच्या खोलीत त्यांनी संसार मांडला आणि चाकणच्या एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तपासण्यात नोकरी काढली. खराब भागावर लाल ठिपका लावायचा आणि तो बाजूच्या पेटीत टाकायचा, हे त्यांचं काम. मला वाटलं, या माणसाला तरी माझं दुखणं कळेल. जेवताना सगळं सांगितलं आणि विचारलं, “तुमच्याकडे असं चाललं असतं का, बाबा?”

“चालायचं की,” ते म्हणाले. “महिनाअखेरीला माल कमी पडला की सुपरवायझर थिनरच्या फडक्यानं ठिपका पुसायचा. आमी बघत राहायचो. काय करता?” भाकरीचा तुकडा मोडून ते पुढे म्हणाले, “पण तसला भाग गाडीला बसला की त्यो वाजायचा. मग माल माघारी यायचा अन् शिव्या आमाला बसायच्या.”

मला आधार हवा होता, तो काही मिळाला नाही. उलट वाटलं, यांचा माल निदान वाजत तरी होता.

पुढचा रिलीज आला आणि गेला. त्याच्या पुढचाही. माझ्या विनंतीचं काय झालं असं विचारलं की टीम लीड ‘रांगेत आहे’ म्हणायचा. पुढेपुढे मी विचारणं सोडलं, कारण विचारताना माझा आवाज चढायचा आणि तो नुसता समंजस चेहरा करून बसायचा. त्या समंजसपणाची मला शिसारी यायला लागली होती.

कॅब वाकडला अडकली की मी त्या दिवशी वाट्याला आलेले पेपर मोबाइलवर चाळते. एका सकाळी त्यात ज्वारीवरचा एक पेपर निघाला. कॉलेज ओळखीचं होतं. पहिलं नाव त्या मुलीचं, शेवटचं तिच्या सरांचं. मला इतका आनंद झाला की शेजारी बसलेल्या बाईंना मी जवळजवळ सांगणारच होते. मग निष्कर्ष वाचला. जनुक बंद पाडलेली रोपं लवकर सुकली, साधी रोपं तग धरून राहिली, असं त्यात लिहिलं होतं. आमची नोंद बरोबर ठरली होती. पेपरच्या शेवटी आमच्या मदत कक्षाचे आभारही मानले होते, तत्पर सहकार्याबद्दल.

आधी मला तिचाच राग आला. कॅब जागची हलेपर्यंतही तो टिकला नाही. डिग्री तिची अडकली होती, आमची नाही, आणि तिने मागितलेली एक ओळ आम्ही तिला दिली नव्हती.

ऑफिसात पोचल्याबरोबर मी टीम लीडला गाठलं. “हिनेच आपल्याला उलटा निकाल कळवला होता. जुनं तिकीट काढून बघ.”

“तिकीट म्हणजे पुरावा नाही,” तो म्हणाला. “छापून आलेला पेपर म्हणजे पुरावा. नियम तुलाही माहितीये.”

माहीत होता. नवीन येणाऱ्यांना तो मीच शिकवते. तिने आधी कळवलेला निकाल आमच्याकडे तिकीट म्हणून बंद होऊन पडला होता आणि हा पेपर होऊन आला होता. त्याच दिवशी माझी रांगेतली विनंतीही निकालात निघाली. तिच्यावर शेरा होता, ‘रद्द. नवा पुरावा उपलब्ध.’

पेपर माझ्या वाट्याचा, त्यामुळे नोंदीखाली तो मलाच लावायचा होता. पीक ज्वारी. कार्य पाण्याचा ताण सोसणे. पुराव्याचा प्रकार विचारला गेला तेव्हा मी सगळ्यात वरचा पर्याय निवडला, ‘प्रयोगाने सिद्ध’. इतक्या वर्षांत त्या नोंदीखाली तो पहिल्यांदाच नियमाला धरून होता.