सुशीलचा बैल

माझा धाकटा भाऊ सुशील कोड लिहायला बसला की भल्याभल्यांना मागे टाकतो. चित्राचं विचाराल तर शाळेत त्याने काढलेली गाय बाईंना टेबल वाटली होती. आणि हा शहाणा चांगली नोकरी सोडून प्रताप नगरातल्या आमच्या वरच्या खोलीत एकटाच मोबाइलवरचा गेम करत बसला. तोही पोळ्याचा, बैलांचा.

त्याने काढलेला बैल चालायला लागला की चार पाय चार दिशांना जायचे. मग त्याने इंटरनेटवरून तयार बैल घेतले, तर ते परदेशी, पाठीने सपाट. यानेच त्यांना वशिंड काढून चिकटवलं. आमच्या बाबांची उभी हयात बैलांमागे गेलेली. ते स्क्रीनकडे बघतच राहिले.

"याले गाठ झाली का गा?"

सुशील त्या दिवशी जेवला नाही. मग कॉम्प्युटरलाच चित्रं काढायला लावली, तर दर वेळी निराळाच बैल यायचा, कधी तीन शिंगांचा. तो भिंतीला डोकं टेकून नुसता बसून राहायचा. मला खरोखर भीती वाटायची.

त्याची बायको कामिनी कधी कुरकुरली नाही. पण दोघांचं ठरलं होतं, दिल्लीच्या एका प्रदर्शनात गेम निवडला गेला तर पुढे, नाहीतर पुन्हा नोकरी.

शेवटी त्याने पोळाच सोडला आणि तान्हा पोळा घेतला. पोरं लाकडी नंदी ओढत घरोघर खाऊ मागतात तो. लाकडी नंदीला चाकं असतात, पाय हलवायची कटकटच नाही. नंदी ओबडधोबड झाला, पण गल्लीतल्या खड्ड्यांतून तो न पाडता न्यायचा, यात अशी काही गंमत होती की माझं गॅसवरचं वरण करपलं. मला वाटलं, सुटला हा.

दिल्लीहून उत्तर आलं, चित्रं कच्ची आहेत. निवड नाही.

"काहून रे, खेळ आवडला नाही त्यायले?" मी विचारलं.

त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पाठवलेला गेम किती वेळा उघडला गेला, ते तिथे दिसत होतं. एकदाही नाही. गेमच्या वर लावलेला फोटो पाहूनच त्यांनी तो बाजूला टाकला होता. मी त्या लोकांना नाही नाही ते बोलले. सुशील चिडलासुद्धा नाही. त्याने जुन्या साहेबांना फोन लावला, सोमवारपासून येतो म्हणून सांगितलं आणि फोन खाली ठेवला.

"एकदा तरी ओढून पाहाले पायजे होता वं ताई त्यायनं," तो म्हणाला.