अक्काची फुंकर मारणारी गुहा

नव्वदच्या आसपासची गोष्ट. अक्का, माझी थोरली बहीण, आम्ही फैजपूरचे. लहानपणी ती आबांबरोबर, म्हणजे आमच्या वडिलांबरोबर, सातपुड्यात गवत कापायला जायची. तिथल्या एका घळीतल्या गुहेनं ऐन वैशाखात तिच्या तोंडावर गार फुंकर मारली होती म्हणे. मी तेव्हा पाळण्यात. आबा गेले आणि तिचा एकुलता साक्षीदार गेला. सासरी या गोष्टीला सगळे हसायचे, आणि सर्वांत मोठ्यानं तिचे यजमान नाना. नाना मूळ पारोळ्याकडचे, भुसावळजवळच्या दीपनगर वीज केंद्रातून निवृत्त झालेले. "तुले ऊन लागेल व्हतं वं," एवढं म्हणून विषय मिटवायचे.

त्या हिवाळ्यात अक्का म्हणाली, "गुडघे चालू हायेत तवर मले एकदा दाखवू द्या. नाही सापडली तं पुन्हा नाव काढणार नाही."

तिचं ते 'नाव काढणार नाही' मला लागलं. अक्का, नाना नि मी निघालो.

भुसावळहून फैजपूरची एस.टी., पुढे केळीच्या बागांमधून डोंगराच्या पायथ्यापर्यंत ओळखीच्या टेम्पोत. खर्च म्हणाल तर तिकिटं आणि पाड्यावरचा चहा. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी आणि वांग्याचं भरीत अक्कानं पहाटेच बांधून घेतलं होतं. तुम्ही गेलात तर पाणी भरपूर न्या, नि पावसाळ्यात त्या वाटेला फिरकू नका.

पाड्यावरच्या एका बाईनं हात करून वाट दाखवली. "घळीत घुसायच्या आधी हाक मारजा. आतून हाक आली तं थांबजा. मधी दोन माणसं मावत नाहीत."

कोरड्या नाल्यानं चालत गेलो आणि डोंगर एकाएकी फाटल्यासारखा उघडला. नानांनी हाक दिली. जन्म यंत्रांच्या घरघरीत गेलेला, त्यामुळे आवाज खणखणीत. ती हाक भिंतींना घासत लांब गेली, बारीक झाली. उत्तर आलं नाही. शिरलो.

आतलं काय सांगू! दोन्हीकडे काळा कातळ, पाण्यानं घासून गुळगुळीत, म्हशीच्या पाठीसारखा. वर आभाळाची निळी चिंधी. उजेड वरून ओघळत खाली येईपर्यंत ताकासारखा पातळ झालेला. आपलं पाऊल आपल्यालाच परकं वाटतं. मी जागा आहे की झोपेत चालतोय, हे मला नक्की सांगता आलं नसतं.

एका वळणावर अक्का अडकली.

"तवा इथून पळत जायची मी," ती म्हणाली.

"तवय घळ मोठी व्हती," नाना मागून म्हणाले, आणि हसत हसत तिला अलगद पुढे सरकवलं.

घळ संपते तिथे, गुडघ्याइतक्या उंचीवर, चुलीच्या तोंडाएवढं भोक. आत अंधार. अक्कानं ओळखलं, हीच ती गुहा. खाली बसली, डोळे मिटून गाल भोकाशी नेला.

काही नाही. पदरसुद्धा हलला नाही.

मी माझा गाल लावून पाहिला. थंड दगड, बस्स. अक्का भाकरीच्या फडक्याची गाठ उगाच सोडून पुन्हा बांधू लागली. आबा आत्ता दुसऱ्यांदा गेले, असं मला वाटलं.

नाना या वेळी हसले नाहीत. तिच्याशेजारी टेकले आणि त्यांनी बिडी काढली. काडी ओढली. ज्योत वाकली, आणि गुहेकडे वाकली. पहिल्या झुरक्याचा धूर वर न जाता सरळ दोऱ्यासारखा त्या भोकात शिरला. दुसराही.

नानांनी बिडी तोंडातून काढली. "अवं, धूर मझार चालना!" धूर आत चाललाय! "दम ली ऱ्हायनी वं ती!"

हिवाळ्यात ती श्वास आत घेत होती. वैशाखात बाहेर सोडत असणार. अक्का त्या धुराकडे बघत राहिली आणि पदर डोळ्यांना लावून हसली. भरीत आम्ही तिथेच खाल्लं, हळू बोलत, कुणी शेजारी झोपलेलं असावं तसं.

घरी परतल्यावर सुना विचारायला लागल्या, आणि नेहमीसारखं हसू सुरू झालं. नानांनी सगळ्यांना गप्प केलं आणि गोष्ट स्वतः सांगितली. पुढे ती त्यांचीच झाली. पाहुणा आला, चहा झाला, की सुरू: "सातपुडामा एक गुफा शे, दम लेस." उन्हाळ्यात पुन्हा जायचं दरवर्षी ठरायचं, आणि राहून जायचं. अक्काच्या गुडघ्यांनी ऐकलं नाही.

नाना बिडीपाशी येऊन थांबले की स्वयंपाकघरातून अक्काचा आवाज यायचा, "अन् दम सोडताना फक्त मी पाह्यलं."

"तूच पाहेल शे," तूच पाहिलंयस, असं नाना तिला, पण पाहुण्याला बजावून सांगावं तसं म्हणायचे.