आक्काच्या हातचा येसूर

फोन काकूंचाच आला. काकू म्हणजे आमच्या चुलत सासूबाई, मुखेडला आमच्या सासरच्या घराच्या भिंतीला भिंत लावून राहतात; आम्ही दोघं आता लातूरला असतो. "आपली कौसाक्का गेली गं..." म्हणून त्यांनी असा गळा काढला, की ऐकणाऱ्याला वाटावं, यांच्याच पोटची गेली. तेव्हा जो राग आला तो तेरवी होऊन महिना उलटला तरी उतरलेला नाही.

कौसाक्का माझी थोरली जाऊ. लग्न होऊन आले तेव्हा मला धड भाकरी येत नव्हती. "लातूरची लेक तू, पुस्तकं वाच, भाकरीचं म्या बघते," म्हणून तिनं मला सासूबाईंच्या तोंडातून सोडवलं. गावात कुणाकडंही लग्न निघालं, की येसूर करायला बोलावणं तिलाच. बाजरी, गहू, डाळ, मसाले किती भाजायचे ते ती नुसत्या वासावर ठरवायची. त्या भाजणीच्या पिठाची आमटी झाली, की पंगती तुटून पडायच्या, आणि आक्का पदर खोचून ऐटीत फिरायची.

थोरले दीर पुलाच्या कामावर बिहारला होते, तेव्हा तीही तिकडं राहिली. परतली ती ताप घेऊनच. गावच्या डॉक्टरनं टायफाईड म्हणून सलाईन लावलं. पोट फुगत गेलं, अंग काळवंडलं. शेवटी नांदेडला कळलं, काळा आजार. वाळूमाशी चावून होतो, पोटातली पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढते. औषधानं ती बरी झाली, पण काही वर्षांनी तोंडावर फिकट चट्टे उठले. डॉक्टर म्हणाले, जुन्याच आजाराचे डाग आहेत, शिवल्यानं-जेवल्यानं लागत नाहीत. औषधाला मात्र नेमानं या.

काकूंनी भर हळदीकुंकवात निकाल दिला. "महारोग हाय त्यो. हिच्या हातचं न्हाई चालायचं आमाला." गावानं मान डोलावली. येसुराचं बोलावणं बंद झालं. एसटीत बाया शेजारून उठायला लागल्या, तसं आक्कानं नांदेडला जाणंच सोडलं. "कशाला तमाशा, बाई," म्हणायची. आजार उलटला, ताप तिनं लपवला... नाकातोंडातून रक्त आलं तेव्हा फार उशीर झाला होता. आजारानं मारलं हे खरं, पण त्याला वाट काकूंनी करून दिली, हे मी इथं लिहून ठेवते.

तेरवीच्या आदल्या दिवशी तिच्या खोलीत फडकं बांधलेला डबा सापडला. यंदाच्या उन्हाळ्यात, कुणी बोलावलेलं नसताना, तिनं येसूर करून ठेवला होता. त्यातला निम्मा मी आचाऱ्याला दिला.

पंगतीत काकूंनी आमटी दोनदा मागितली. "लई झकास झालीय गं. येसूर कुनाचा?"

"आक्काच्या हातचा," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

हात जागच्या जागी थांबले. पण तेरवीचं पान टाकून उठायचं कसं? कुणीच उठलं नाही. मी पातेलं घेऊन काकूंच्या समोर उभी राहिले, वाटी रिकामी होईपर्यंत हलले नाही, आणि झाल्यावर पुन्हा भरली. "घ्या, काकू. गार करू नका."

मेलेल्या माणसाच्या जेवणात सूड उगवू नये, असं थोरले दीर म्हणाले. मला मात्र ती गेल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा जेवण गेलं. उरलेला येसूर मी लातूरला आणलाय. काकू पुढच्या महिन्यात लेकीकडं इथं येणार आहेत. मी त्यांना जेवायला बोलावलंय.