अमीनसाहेबांची होळी

दिगंबरराव गेल्याचं मला गेवराईच्या बाजारात कळलं. मी वांगी निवडत होतो. मांजरसुंब्याचा एक गाडीवान म्हणाला, "आमीनसाहेब गेले की हो!" हातातलं वांगं हातातच राहिलं... ते संस्थानच्या जंगल खात्याचे अमीन, म्हणजे अंमलदार, मी त्यांचा कारकून. या माणसाने माझ्या जिवाला जन्मभर घोर लावला, आणि आता तो घोरही नाही म्हणून रडू येत होतं.

तेव्हा हुकूम असा, की परवान्याशिवाय जंगलातली वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही. बायकांच्या मोळ्या जप्त होऊन सरकारी वखारीत पडायच्या, वाळवी खायची. "भाकर कच्चीच ऱ्हाती, साहेब. लेकरं पोट धरून बसत्यात," असं एका म्हातारीने तोंडावर सुनावलं, तेव्हापासून दिगंबररावांना अन्न गोड लागेना. वाळकं अडवलं की लोक लपूनछपून हिरवं तोडतात. मोळी सोडा, झाड वाचेल, असे अर्जावर अर्ज त्यांनी वर धाडले. लिहिले मीच, त्यामुळे अक्षराला नाव ठेवायला जागा नव्हती. उत्तर एकाचंही आलं नाही.

मग होळी आली. होळीसाठी चोरलेलं लाकूड परत मागायचं नाही, आणि मालकाने आरडाओरडा केल्याशिवाय चोरी पुरी होत नाही, ही आपल्याकडची रीत. दिवस मावळायला त्यांनी वखारीचं कुलूप काढलं. "अहो, नोकरी जाईल!" मी म्हणालो. "गेली तर तुमच्याकडे जेवायला येईन." सगळा गाव लोटला. दिगंबरराव ओट्यावर हाताची घडी घालून कचेरीच्या उर्दूत गरजत होते, "पकडो! गिरफ्तार करो!" त्या वर्षी गावची होळी वीतभर पेटली. बाकीचं लाकूड कुठल्या चुलींत गेलं, ते मी विचारलं नाही.

चौकशीला बडे साहेब आले. "तुमने रोका नहीं?"

"खूप ओरडलो, हुजूर. गावाला विचारा."

पाटील पुढे झाले. "लई वरडले, सरकार! आमच्या कानठळ्या बसल्या."

साहेबांना हसू आवरेना. दिगंबररावांनी तोच धागा पकडून त्यांना रानात नेलं, चोरून तोडलेल्या हिरव्या झाडांची खोडं दाखवली. महिनाभरात हुकूम आला: वाळक्या मोळीला परवाना नाही, जप्ती नाही. गावाने बड्या साहेबांच्या नावाने गूळ वाटला. दिगंबररावांनी माझ्या वाट्याचाही खाल्ला.

पुढे पेन्शनीतही ते दर होळीला दारात एक ओंडका मुद्दाम ठेवायचे आणि पोरांनी तो उचलला की गरजायचे. परवाच्या होळीला मी तिथेच होतो. दिगंबररावांच्या माघारी वहिनींनी ओंडका ठेवला होता. पोरांनी उचलला, पण पाय निघेनात. ओंडका खांद्यावर घेऊन ती अंगणात तशीच उभी. "काकू, कुणीतरी वरडा की... न्हाईतर न्यावा कसा?"

मी दाराकडे पाहिलं. जन्मात कधी मोठ्याने न बोललेल्या वहिनी उंबऱ्यापर्यंत आल्या, पदर खोचला आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा ओरडल्या, "गिरफ्तार करो!"

पोरं ओंडका घेऊन पळत सुटली.