परत पाठवलेले एकेचाळीस

ऑफिसात तिला सगळे ‘जकात’ म्हणायचे, कारण पुढ्यात आलेला कागद उलटून पाहिल्याशिवाय ती हातावेगळा करत नसे. तेवीस वर्षांपूर्वी ती या हॉस्पिटलच्या रेकॉर्डच्या खोलीत टायपिस्ट म्हणून लागली. खोलीत कॉम्प्युटर आले तेव्हा बाकीच्यांनी बदल्या मागून घेतल्या. ही मात्र वर्षभर मांडीवर प्रोग्रामिंगचं पुस्तक ठेवून डबा खात राहिली. आता पेशंट घरबसल्या हॉस्पिटलच्या वेबसाइटवर रिपोर्टचे फोटो पाठवू लागले होते, आणि त्या दारावरची तपासणी तिने लिहिली होती.

तपासणी साधी होती. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला काही ठरावीक खुणा असतात. त्यावरून आत खरंच फोटो आहे की दुसरंच काही, ते कळतं. नाव आणि आतला ऐवज जुळला तर आत, नाहीतर परत.

तिचा नवरा चष्म्याच्या काचा घासायचा. तो म्हणाला, “म्हणजे पाकिटावरचा नंबर वाचून गप्प बसायचं नाही, काच उजेडात धरायची. मग यात तुझं नवीन काय?”

“नवीन हे, की तुझी काच चावत नाही. फाइल चावू शकते.”

वेबसाइट सुरू झाली त्याच आठवड्यात, शुक्रवारी सकाळी, साहेब तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

“बाई, तुमच्या जकातीनं एकेचाळीस जण परत पाठवलेत. ऑपरेशनच्या तारखा अडल्यात. एक आजोबा तर चारदा पाठवून दमले. काढून टाका ती तपासणी.”

“काढली तर काहीही आत येईल, साहेब.”

“रिपोर्ट येतील! हॉस्पिटलला कोण कशाला दुसरं काही पाठवेल? संध्याकाळपर्यंत काढा, नाहीतर मी दुसऱ्या कुणाला सांगतो.”

तिने त्या एकेचाळीस जणांची शेवटची एकेक फाइल उघडायला घेतली. मणके, फुप्फुसं, कुणाची तरी मोडलेली करंगळी. माणसाचं दुखणं बाहेरून दिसत नाही, म्हणून तर ते असं आतून काढून पाठवावं लागतं. आणि ते आपण दारातूनच हाकललं. चाळीस फोटो खरे होते. नव्या फोनमध्ये फोटो वेगळ्या पद्धतीने साठतात, आणि फॉर्मवर तिनेच लिहिलं होतं, ‘फक्त जेपीजी चालेल’. लोकांनी बिचाऱ्यांनी फाइलच्या नावाला ‘जेपीजी’ जोडून पाठवलं; आतला ऐवज वेगळा, म्हणून परत. नावावर विश्वास नाही म्हणणारीने नावावरूनच माणसं खोटी ठरवली होती.

एकेचाळिसावी फाइल मात्र फोटो नव्हती. तिने ती नेटवर्कपासून तोडलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर नेली आणि साहेबांना बोलावलं. एक्सरेच्या जागी पडद्यावर डॉक्टरांचा पासवर्ड विचारणारी चौकट आली.

“हे तर आपलंच पान,” साहेब म्हणाले.

“आपल्यासारखं. डॉक्टर एक्सरे बघायला जाणार, पासवर्ड टाकणार, आणि तो भलत्याच्याच हाती पडणार. मग सगळ्या पेशंटचे कागद रस्त्यावर.”

साहेबांनी विचारलं, “म्हणजे ठेवायची तपासणी?”

“ठेवायची. पण चाळीस जण माझ्या चुकीनं अडले. ती दुरुस्त करते. चार वाजेपर्यंत द्या.”

“संध्याकाळ दिलीच आहे की, बाई.” आवाज खाली आला होता.

तिने नावाची अटच काढली. आत काय आहे तेवढंच पाहायचं. नव्या फोनच्या फोटोंची खूण तपासणीला शिकवली. आत आलेल्या प्रत्येक फाइलमधल्या फक्त चित्राची नवी प्रत काढून साठवायची, म्हणजे त्यात कुणी काही लपवलं असेल तर ते बाहेरच गळून पडेल. पावणेचारला काम संपलं. मग तिने फोन ओढून घेतला आणि आधी आजोबांचा नंबर लावला.

“कोण, हॉस्पिटल? आता काय, हाडच पाठवू का?”

“नको, आजोबा. फोटो तुमचा चांगलाच होता. चूक माझी होती. ती तपासणी मी लिहिलीय.”

“तू लिहिलीस? अगं पोरी, मला वाटलं हे मशीनच ठरवतं.”

“मशीन काय ठरवणार! एकदा पाठवा परत, मी बघतेय.”

पडद्यावर आधी काळोख आला, मग त्यातून खुब्याचं पांढरं हाड हळूहळू वर आलं.

“मिळाला का गं?”

“मिळाला, आजोबा. स्वच्छ दिसतोय.”

तेवीस वर्षांत घराबाहेरच्या कुणाला ‘मी लिहिलंय’ असं ती पहिल्यांदाच म्हणाली होती, आणि तेही चुकीसकट. तिने पाठ ताठ केली आणि पुढचा नंबर लावला. अजून एकोणचाळीस होते.